पाचपैकी चार: बाळाच्या डोक्याच्या दुखापतीवरचा एक दिवसाचा वर्ग

आधी तक्रारी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. हॉलमधला एसी इतका गार की जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या बायका पदर कानावरून घेऊन बसल्या होत्या. वेळ साडेनऊची दिली होती, सुरू झालं सव्वादहाला. त्यातली पंचवीस मिनिटं सत्कारात गेली: शाल, श्रीफळ, मग आणखी कुणीतरी आठवलं म्हणून परत शाल. पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. बाहेर पॅसेजमध्ये एका कॅमेरेवाल्याने टेबल मांडलं होतं आणि तो चहाला निघालेल्या प्रत्येकीच्या हातात माहितीपत्रक कोंबत होता.

तरीही पाचपैकी चार स्टार.

संस्थेचं नाव लिहीत नाही. वरच्या तक्रारी मी त्यांच्या बाईंना तोंडावर सांगितल्यात, त्यांनी वहीत लिहून घेतल्यात, तेव्हा इथे चव्हाट्यावर मांडायचं कारण नाही. ठाण्यात पाळणाघर चालवणाऱ्या कुणाला जायचं असेल तर आपल्या पाळणाघरवाल्यांच्या ग्रुपवर विचारा, मी सांगेन.

मी पाचपाखाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत २००४ पासून पाळणाघर चालवते. सध्या चौदा मुलं, त्यातली पाच वर्षाच्या आतली. हाताखाली दोन मावशी, थोरल्या आणि धाकट्या. मुलं मला काकू म्हणतात आणि त्यांच्या आयाही. वर्गाची फी माणशी ८५० रुपये, चहा-नाश्ता-जेवण धरून. तिघींचे मिळून अडीच हजारांवर गेले, शिवाय शनिवारी पाळणाघर बंद ठेवलं म्हणून दोन आयांनी तोंड वाकडं केलं ते वेगळंच.

मी वर्गाला गेले त्याचं कारण जुनं आहे. २०१६च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरातला तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, दहा महिन्यांच्या मुलीला तिथली सांभाळणारी बाई मारत होती तो. मी शेवटपर्यंत बघू शकले नाही. पुढच्या आठवड्यात माझ्याकडच्या झाडून सगळ्या आयांनी विचारलं, काकू, कॅमेरे आहेत ना? नव्हते. चार लावले. धाकटी मावशी त्या वेळी नवीन होती, तिला महिनाभर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायची सवय लागली होती, लाजून. पण कॅमेरा लावल्यावर त्यात बघायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. मारताना दिसलं तर कुणालाही कळेल. ज्याला घरी काहीतरी झालंय आणि जे सकाळी साडेआठला माझ्या हातात येतं, त्याच्याकडे कसं बघायचं?

शिकवायला मुलांच्या मेंदूविकारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. साध्या सुती साडीत, बोलणं सातारा-कऱ्हाडकडचं असावं असं. पडदा इंग्रजी असला तरी त्या स्वतः चोख मराठीत बोलल्या, हे त्यांचे उपकार. पहिलाच प्रश्न: "टाळू भरलेल्या किती जणी आहात इथे?" सगळ्यांचे हात वर. खोबरेल तेलाचा थेंब टाळूवर टाकून थोपटण्यात आमची अर्धी हयात गेली. मग म्हणाल्या, की तुमच्याइतकी टाळू नवशिक्या डॉक्टरनेही हाताळलेली नसते, फक्त तेल लावताना ती वाचायला शिका. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असताना टाळू सपाट किंवा किंचित खोल लागते. रडताना ती वर येते, त्यात काही नाही. पण न रडणाऱ्या बाळाची टाळू फुगलेली, ताणलेली लागली तर आत दाब वाढलाय असं समजायचं आणि दवाखाना गाठायचा.

पुढचं त्यांनी दह्याच्या डब्यावरून समजावलं. घट्ट विरजलेलं दही डब्यात भरून गर्दीच्या लोकलने नेलं तर डबा जसाच्या तसा राहतो, आत दही मोडतं आणि पाणी सुटतं. तान्ह्या बाळाचं डोकं उंचीच्या मानाने चौथा हिस्सा असतं, मानेत जोर नसतो, मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूपेक्षा मऊ आणि पाणीदार. बाळाला खांद्याला किंवा छातीला धरून जोरात हलवलं की डोकं पुढेमागे आपटल्यासारखं जातं. मेंदू आणि कवटीखालचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणून तुटतात, तिथे रक्त साचतं. डोळ्याच्या पडद्यावरही रक्तस्राव होतो. श्वास अडकतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो, सूज येते, आणि खरं नुकसान पुष्कळदा त्या सुजेने होतं. अंगावर एक ओरखडा नसेल तरी.

१९७१ साली नॉर्मन गुथकेल्च नावाच्या इंग्रज मेंदू-शल्यविशारदाने हे पहिल्यांदा नीट मांडलं, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने. बरीच वर्षं याला "हलवलेलं बाळ" अशा अर्थाचं नाव होतं. २००९मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलायला सांगितलं, कारण नुसतं हलवणं नसतं, आपटणं, फेकणं, मारणंही असतं. वर्गात मराठी शब्दावरून थोडी ओढाताण झाली. "अत्याचारजन्य इजा" थोरल्या मावशींना पटेना. त्या म्हणाल्या, "आपोआप न झालेली म्हणा की." दिवसभर मग सगळ्या तेच म्हणत होत्या, डॉक्टरबाईसुद्धा.

आता बाहुली.

रबराची, खऱ्या बाळाच्या वजनाची, डोकं मात्र पारदर्शक. बटण दाबलं की रडते, आणि रडणं इतकं खरं की माझ्या धाकट्या मावशीचे हात आपसूक पुढे झाले. पुढे बोलावलं ती एक तरुण मुलगी होती, कळव्याची, नुकतंच स्वतःचं पाळणाघर काढलेली. सांगितलं, हलव. तिने भीत भीत हलवलं. "अजून. रात्रीचे दोन वाजलेत, तू तीन रात्री झोपलेली नाहीस." मग तिने खरंच हलवलं. पारदर्शक डोक्यात लाल दिवे लागत गेले, कपाळामागे, मग डोक्याच्या मागच्या बाजूला, बघायचं केंद्र असतं तिथे. आणि बाहुली एकदम गप्प झाली.

एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गप्प झाली की नाही? म्हणून माणूस परत करतो." हलवणाऱ्याला वाटतं, बाळ शांत झालं, झोपलं. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हलवल्याची कबुली दिलेल्या २९ प्रकरणांत अर्ध्याहून जास्त ठिकाणी हे एकदा नाही, अनेकदा घडलेलं होतं, कारण त्याने रडणं थांबत होतं. हे ऐकल्यावर ती कळव्याची मुलगी बाहुली टेबलावर ठेवताना मान सावरून ठेवत होती.

एकच बाहुली आणि आम्ही चौतीस जणी. प्रत्येकीच्या हातात यायला हवी होती. अर्धा स्टार तिथेच गेला.

रडण्यावर तासभर बोलणं झालं, आणि दिवसातला सगळ्यात कामाचा तास तोच. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात शिगेला पोचतं, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडतं, आणि मुख्यतः संध्याकाळी. कातरवेळ हो. आपल्याकडे त्या वेळी दिवा लावून मीठ-मोहरीने दृष्ट काढायची पद्धत. मला वाटलं डॉक्टरबाई आता अंधश्रद्धेवर घसरणार. त्या म्हणाल्या, "काढा खुशाल. धूर बाळाच्या तोंडाशी नेऊ नका, पण काढा. बाळ पाळण्यात, तुम्ही चार पावलं दूर, हात मिठात. तेवढी पाच मिनिटं तुमच्या हातात बाळ नाही हेच मला हवंय." आपोआप न झालेल्या इजांचं प्रमाण वयाप्रमाणे मांडलं तर रडण्याच्या या चढाच्या मागोमाग तेही चढतं. उपाय साधा आहे: हात शिवशिवायला लागले की बाळाला पाठीवर झोपवायचं, दार लोटायचं, बाहेर जाऊन पाणी प्यायचं, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची. पाच-दहा मिनिटं एकटं रडल्याने बाळाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे आता नियम केलाय. मावशीने नुसतं "काकू, घ्या" म्हटलं की मी काही न विचारता मूल घ्यायचं. का, कशाला, काय झालं, हे सगळं नंतर.

मग प्रश्न सुरू झाले आणि वर्ग रंगला. पाळण्याचे झोके? नाही होत त्याने. झोळी? नाही. मांडीवर घोडा-घोडा? नाही. मानपाड्याच्या एका बाईंनी विचारलं, घोडबंदर रोडवरून रोज रिक्षाने बाळ आणतात, ते खड्डे? हॉलमध्ये हशा पिकला, पण त्या काही गंमत करत नव्हत्या. त्यानेही होत नाही. पाठीचे मणके तुमचे जातील, बाळाचा मेंदू नाही. मालिशवाली पाय धरून उलटं लटकवते, त्याचं काय? ते करू नये, दुसरी हाडं-सांधे दुखावतात, पण डॉक्टर मेंदूत रक्त बघतात तेव्हा मालिशीकडे बोट दाखवून त्यांचं समाधान होत नाही.

आणि पलंगावरून पडणं. हे प्रत्येक घरात घडतं. दोन-तीन फुटांवरून पडलं तर बहुतेकदा टेंगूळ येतं, क्वचित कवटीला साधी चीर जाते, कधी कवटीखाली रक्तही साचतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच. पण मेंदूला चोहीकडून सूज, डोळ्यांच्या पडद्यांवर जागोजागी रक्त आणि सांगायला "पलंगावरून पडलं" एवढंच, तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते. दोन महिन्यांचं बाळ स्वतः वळून पलंगाच्या कडेशी आलं, असं कुणी सांगितलं तरी पडते, कारण त्या वयात ते वळत नाही. सकाळी एक हकिगत, संध्याकाळी दुसरी, तरीही पडते.

या इजेची लक्षणं दिसतात पोटाच्या तक्रारीसारखी. उलट्या, दूध न ओढणं, किरकिर, नाहीतर उलट अतिशय झोप. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांखालच्या अशा १७३ मुलांपैकी ५४ मुलांचं निदान पहिल्या भेटीत चुकलं होतं. पोट बिघडलंय, सर्दी-ताप आहे, असं सांगून घरी पाठवलेलं. मी पेन खाली ठेवलं ते पुढच्या वाक्याला. आईवडील दोघं एकत्र राहणारे, गोरे, चारचौघांत बसणारं घर असलं की चुकण्याचं प्रमाण जास्त होतं. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटला असणार.

मला २०११ आठवलं.

पाच महिन्यांचा मुलगा होता. आई-वडील दोघं इंजिनीअर, वागायला अतिशय गोड, महिन्याची फी एक तारखेच्या आत. एका सोमवारी त्याच्या उजव्या कानाच्या पाळीवर आणि जबड्याच्या कोपऱ्यावर जांभळट खुणा दिसल्या. दोन, बोटाच्या पेराएवढ्या. संध्याकाळी मी आईला विचारलं, म्हणजे विचारलं असं मी म्हणते, खरं तर मीच म्हटलं, "मालिशवालीचं नख लागलं का हो?" ती म्हणाली, "हो काकू, तेच असेल." उत्तर मीच तिच्या हातात दिलं होतं. दोन आठवड्यांनी त्यांनी फोन करून सांगितलं, गावाहून आजी आल्यात, आता मूल घरीच राहील. पुढे काय झालं, काही झालं का, मला माहीत नाही. नख असेलही.

त्या दिवशी शिकवलेल्या नियमात तो मुलगा दोनदा बसत होता. नियम असा: चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ-काळानिळा डाग दिसला तर थांबून बघायचं. शिवाय गाल, जबड्याचा कोपरा, पापणी, डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त, आणि वरचा ओठ उचलल्यावर दिसते ती हिरडीला जोडलेली पातळ पट्टी फाटलेली. रागाने बाटली तोंडात खुपसली की ती फाटते. गुडघे, नडग्या, कपाळावर खुणा असतील तर मूल चालायला शिकतंय. पण पाच महिने पुरे न झालेल्या बाळावर कुठेही, कसलाही वळ असेल तर वाट बघायची नाही. जे अजून रांगतही नाही ते आपटणार कशावर? धाकट्या मावशीने त्याचं "कान-मान-धड" केलंय आणि अंघोळीनंतर पावडर लावताना ती ते गुणगुणते.

यावर थोरल्या मावशींनी हात वर केला. आमच्या मुलांच्या ढुंगणावर, कमरेवर जन्मतःच निळे डाग असतात, ते कुणी मार समजलं तर? डॉक्टरबाई खूश झाल्या. हे निळे डाग आपल्याकडे पुष्कळ बाळांना असतात आणि बाहेरदेशी त्यावरून गैरसमज झालेले आहेत. जन्मडाग आठवड्याने बघा, तस्साच. माराचा डाग रंग बदलतो, फिकटतो, जातो. म्हणून मूल पहिल्या दिवशी आलं की आईसमोर बघून डाग कुठे, केवढा हे लिहून ठेवायचं. मी एवढी वर्षं लसीकरणाचं कार्ड, दोन फोटो आणि कुणाला सोडायला-न्यायला परवानगी आहे त्याची यादी घेत आले. हे कधी सुचलं नव्हतं.

जेवण: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. बरं होतं. श्रीखंडानंतर दुपारचा भाग म्हणजे कुणाचीही परीक्षाच.

दुपारी रुग्णालयात काय करतात ते. मला वाटलं हे आपल्याला कशाला, पण कामाचं निघालं, कारण आपल्याकडचं मूल तिथे गेलं आणि तपासण्या सुरू झाल्या की घरचे सैरभैर होतात, आपल्यालाच फोन करतात. आधी जीव वाचवायचा: श्वास, प्राणवायू, मान स्थिर, झटके थांबवणारी औषधं. डोक्याकडची बाजू तीस अंश वर. मेंदूची सूज उतरवायला जरूर पडली तर तीन टक्क्यांचं मिठाचं सलाईन, रक्त साचून दाबत असेल तर शस्त्रक्रिया. डोळ्यांना न दिसणारे झटकेही असतात, ते मेंदूचा आलेख काढून पकडतात. अशा मुलांतली वीस-पंचवीस टक्के दगावतात, वाचलेल्यांतल्या बहुतेकांना नजर, हातपाय, शिकणं यांपैकी काहीतरी जन्मभर पुरतं. हे त्यांनी एका दमात सांगितलं आणि पुढे गेल्या, ते बरं केलं.

सीटी स्कॅन आधी, कारण तो झटपट होतो. नंतर एमआरआय, मेंदूबरोबर मणक्याचाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा तपासतात. दोन वर्षांखालच्या मुलाचे डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या हाडांचे एक्स-रे निघतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी परत. परत का, तर बरगडीची ताजी चीर दिसत नाही, हाड सांधायला लागलं की तिथे गाठ धरते ती दिसते. रक्त गोठण्याच्या तपासण्या, यकृताच्या तपासण्या, लघवीतली आम्लं.

या शेवटच्या तपासण्यांवर त्या रेंगाळल्या आणि मला तो भाग फार आवडला. कारण यात त्या घरच्यांच्या बाजूने शोधत होत्या. जन्मल्यावर बाळाच्या मांडीत 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. ते राहून गेलं असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत कधीही आपोआप मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दिसायला तसाच. कुणी हातही लावलेला नसतो. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया नावाचा एक जन्मजात आजार आहे, त्यातही मेंदूभोवती रक्त साचतं. रक्त नीट न गोठण्याचा हिमोफिलिया आहे. हे सगळं तपासल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. बदलापूरच्या एका ताईंनी नेटवर वाचलं होतं, की हे सगळं थोतांड आहे असं काही डॉक्टर म्हणतात. डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. २०१६मध्ये स्वीडनच्या एका सरकारी संस्थेने असा अहवाल दिलाय, की ठरावीक तीन खुणा (कवटीखाली रक्त, डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त आणि मेंदूची सूज) दिसल्या म्हणजे हलवलंच, असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. त्यावर जगभर वाद झाला. खुद्द गुथकेल्च यांनीही म्हातारपणी, तेवढ्यावरून लोकांना शिक्षा होतात याबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. "म्हणून मी तीन खुणांवर थांबत नाही," त्या म्हणाल्या. "हाडं बघते, रक्त बघते, हकिगत तीनदा ऐकते. आणि मोटारवाल्याला विचारते तेच बिगाऱ्याला विचारते, त्याच शब्दांत."

थोरल्या मावशींनी विचारलं, मग यंत्रात कळतं का कुणी केलं? नाही. यंत्रात काय झालं ते कळतं. कुणी, ते शोधायचं काम पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं. रुग्णालय फक्त पोलिसांना कळवतं, घरात दुसरं लहान मूल असेल तर तेही तपासायला आणायला सांगतं.

पोलीस खात्यातून आलेले साहेब उशिरा आले आणि पंधरा मिनिटांत आटोपले, पण मुद्द्याचं बोलले. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण, हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेच मूल सांभाळायचं काम घेतलेल्या संस्थेच्या माणसाने केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे आपण. शंका आली तर मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन किंवा ११२ लावायचा. शंका खरीच ठरली पाहिजे अशी अट नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

शेवटी प्रथमोपचार. बाळ निपचित दिसलं की आपला पहिला हात जातो तो त्याला गदागदा हलवून उठवायला. तो हात आवरायचा. तळपायाला टिचकी मारायची, मोठ्याने हाक मारायची. श्वास नसेल तर दोन्ही हातांनी छाती वेढून अंगठ्यांनी दाबायचं, तीस दाब, दोन हलके श्वास, आणि दुसरीने १०८ लावायचा. दूध-पाणी-मध काहीही तोंडात घालायचं नाही. वेळ लिहायची. आणि हे आजच ठरवून ठेवायचं: आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीसुद्धा सीटी आणि लहान मुलांचा अतिदक्षता विभाग चालू असतो. संध्याकाळी सातला तीन हात नाक्यावर अडकून फोन लावत बसण्यात अर्थ नाही. आम्ही दोन ठिकाणी स्वतः जाऊन विचारून आलो, नंबर फ्रीजवर लावलेत.

वर्गात वाटलेल्या बोजड इंग्रजी माहितीपत्रकाबद्दल मात्र माझा राग अजून गेलेला नाही. चौतीसमधल्या वीस तरी मावशी होत्या, मराठी वाचणाऱ्या. मुलं दिवसभर त्यांच्याच हातात असतात आणि कागद मात्र माझ्यासारख्या मालकिणींसाठी छापलेला. मी घरी बसून दोन पानांत मराठी केलंय, मोठ्या अक्षरात, हवं तर झेरॉक्स घेऊन जा.

त्या रात्री माळ्यावरून २०११ची वही काढली. मी रोजचं लिहिते, सवय आहे. त्या सोमवारच्या पानावर त्या मुलाच्या नावापुढे एवढंच आहे: दूध ९० मि.ली. तीनदा, शी एकदा, झोप दोन तास, किरकिर. खुणांचं काही नाही.

आता दारात एक छापील कागद असतो, त्यावर बाळाची पुढून-मागून आकृती. सकाळी मूल घेताना बघायचं, काही दिसलं तर त्या जागी फुली, तारीख, आणि सोडायला आलेल्या माणसाची सही. पहिल्याच आठवड्यात एक बाबा तडकले, "काकू, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, माझ्याकडून संध्याकाळी घेऊन जाताना तुम्हीही याच कागदावर बघून सही करायची आहे. मग केली. परवा एका आईने आपण होऊन सांगितलं, काकू, काल हा पलंगावरून पडलाय, कपाळावर टेंगूळ आहे, डॉक्टरांना दाखवलं, लिहून घ्या. लिहून घेतलं. प्रवेश-अर्जात 'के' इंजेक्शनचा रकानाही वाढवलाय. तीन आयांना माहीतच नव्हतं, त्यांनी प्रसूतिगृहाची फाइल उघडून बघितली.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे म्हणतात. शेजारच्या सोसायटीत पाळणाघर चालवणाऱ्या वहिनींना पाठवतेय. स्वेटर न्यायला सांगितलंय.